पाणसळ

नाल्याकडच्या आमच्या शेडला चारी भिंतींवर एक रेघ आहे,
चहा वाळून कपाच्या कडेला राहते तशी, मातकट.
त्या साली पाणी तिथवर आलं आणि तीन दिवस थांबलं.
चुन्याचे दोन हात दिले, तरी उमटतेच.

आण्णा म्हणाले, ऱ्हाऊ दे,
एवढी सरळ रेघ उद्यमनगरात कुणाच्या बापाला मारता यायची नाही.
मग त्या रेघेवरनं दोरी ताणली, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत,
आणि दोरीखाली प्लायचे अकरा सांगाडे उभे केले
सूतसूत मोजत.

बोट बांधायची होती. मालवणच्या कुणा गिरकरांची,
दोन पोटांची, मागं दोन इंजिनं.
आण्णांनी समुद्र पाहिलेला एकदाच, लग्नानंतर,
तोही चपला हातात धरून.

चाळीस वर्षं त्यांनी पॅटर्न केले:
सागवानी पंप, सागवानी पुल्या, इंजिनाची डोकी.
फौंड्रीवाले त्यावरून वाळूत ठसा घेणार, लोखंड ओतणार.
त्यांची पट्टीसुद्धा वेगळी, फुटामागं जराशी लांब,
कारण लोखंड निवताना आकसतं.
आकसणार त्याला आधीच जास्त द्यायचं.
माझा शाळेचा फ्रॉक शिवतानाही टेलरला हेच.

फोम आला तेव्हा अस्लमनं आठ फुटी पाट
दोन बोटांवर तोलून दाखवला.
आण्णा बराच वेळ त्यात नख रुतवत राहिले.
"ह्याच्या जिवावर माणसं बसवायची?"
ह्याच्या नाही, मी म्हटलं. आतल्या कापडाच्या आणि बाहेरच्या.
हा फक्त दोघांना एकमेकांपासून लांब धरतो.
"आणि त्यानं ताकद येते?"
येते.
"मग तुझ्या आत्याला सांगायला पाहिजे.
सुनेनं चूल वेगळी केली म्हणून रडत बसलीय."

पहिलं पोट त्यांनी केलं.
रेझिन, हार्डनर, सगळं काट्यावर मोजून;
रोलर फिरेल तसं काचेचं पांढरं कापड भिजत, विरत जायचं
आणि खालचा फोम दिसू लागायचा.
एक बुडबुडा नाही.
मग हातांवर पुरळ उठलं, मनगटापासून कोपरापर्यंत.
डॉक्टर म्हणाले, आता ह्या वासाजवळसुद्धा जायचं नाही.

दुसरं मी केलं.
ते दाराबाहेर स्टुलावर, नाकाला रुमाल,
आत मला नुसता आवाज:
पातळ लाव. अजून पातळ. अगं, खीर नव्हे ती.
कुठंतरी कमी पडेल म्हणून
मी लावत गेले.

मार्केट यार्डात ढेपांच्या काट्यावर दोन्ही आडवी घालून तोलली.
हमाल जमले. खुडेमामा म्हणाले,
लई मोठी ढेप बांधली की मेस्त्री, आदण जास्त झालं का?
डावं एकशे ब्याऐंशी.
उजवं एकशे शहाण्णव.
चौदा किलो. एवढं माझं भ्यालेपण,
रोकडं, काट्यावर.
परतताना ट्रकमध्ये अस्लमनंही रेडिओ लावला नाही.

पहाटे शेडमध्ये दिवा दिसला.
ते आत होते, रुमाल न बांधता.
डाव्या पोटाच्या आत खडूनं चौकोन आखलेला,
त्यात त्यांच्या तिरक्या अक्षरात: बॅटरी.
त्याच्या पुढं, लहान: साखळी.
म्हणाले, सँडर घेऊन खरडत बसू नकोस,
एकदा धरलेलं सुटत नाही.

दार सहा फुटी, म्हणून जोडणी गल्लीतच झाली;
दोन दिवस स्कूटरी आमच्या बोटीखालून गेल्या.
मग राजाराम बंधाऱ्याच्या वर, पाण्यात.
म्हशी धुणारी पोरं धुणं विसरून बघत राहिली.
दोन्ही पोटांवर खडूची रेघ होती.
डावीकडं पाणी रेघेच्या जरा खाली,
उजवीकडं रेघ अर्धं बोट बुडालेली.

आण्णांनी मला काही म्हटलं नाही.
चपला काढल्या, हातात घेतल्या,
विजार गुडघ्यापर्यंत दुमडली
आणि डाव्या पोटावर जाऊन बसले.

"बघ आता," म्हणाले.